शेवटचा हात

"यावर ओरखडे तर पडणार नाहीत ना?" हाताने केलेली लाकडी वस्तू उचलून बघितली, वास घेतला, किंमत विचारली की गिऱ्हाईकाचा पुढचा प्रश्न हाच असतो. रत्नागिरीजवळच्या माझ्या छोट्याशा कार्यशाळेत ट्रे, डबे, चौरंग, पोळपाट आणि लहान मुलांची खेळणी तयार होतात. फणस, आंबा, सागवान, शिवण आणि अधूनमधून शिसव अशी लाकडं हाताखालून जातात. घडवण्याचं काम संपलं की उरतो तो पॉलिशचा शेवटचा हात, आणि वस्तू घरात कशी नांदेल हे बरंचसं त्याच्यावर ठरतं. त्या एका प्रश्नाचं खरं उत्तर शोधता शोधता जे हाती आलं, ते सुचेल तसं लिहिते आहे. तुमच्या लाकडाचा आणि तुमच्या हवेचा अनुभव वेगळा असेल, तो तुम्ही याच्याशी ताडून पाहालच.

१. ओरखडे पाडणारा बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही. आपण किल्ल्यांना, सुरीला, मांजराच्या नखांना दोष देतो, पण घरातल्या लाकडाची खरी झीज करते ती धूळ. धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. खनिजांचा कठीणपणा सांगणारी मोहस यांची एक ते दहा अशी पट्टी आहे. तिच्यावर गारगोटी सातवर आहे, खिडकीची काच आणि सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास. जो कण काचेवर चरा उठवतो, त्याच्यापुढे राळेचा किंवा रसायनाचा पारदर्शक थर कितीही महागाचा असला तरी टिकणार नाही. हे समजलं तेव्हा मला आधी धक्का बसला आणि मग फार मोकळं वाटलं. ओरखडा न पडणाऱ्या डब्याचा शोध तिथे संपला. कारखान्यात तयार होणाऱ्या लाकडी फरशीच्या थरात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड घालतात. ती गारगोटीपेक्षाही कठीण असते, म्हणून त्या फरश्या पायाखाली टिकतात. पण तो थर अतिनील दिव्यांखाली यंत्रावर पक्का करतात आणि पुढे कधी तो घासून काढायचा म्हटलं तर पॉलिश पेपरची दमछाक होते. हाताने केलेल्या ट्रेला ते जमणारं नाही. जमणारं आहे ते सोपं आहे: फुलदाणीच्या, समईच्या, स्टीलच्या डब्याच्या बुडाला नमद्याची चकती चिकटवायची, आणि कोरड्या फडक्याने खसाखसा पुसण्याआधी मऊ कुंचल्याने धूळ झटकायची. आता मी ट्रेबरोबर नमद्याच्या चार चकत्या देते. पॉलिशच्या एखाद्या जादा हातापेक्षा त्यांचा उपयोग मोठा आहे.

२. कडक असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. रंगाच्या दुकानात "एकदम हार्ड" हे शब्द फार मानाने वापरतात. मेलामाईन खरोखरच कडक असतं. आम्लाचा हार्डनर मिसळला की ते घट्ट आवळतं आणि नख लावून काही उठत नाही. पण लाकूड पावसाळ्यात ओल धरून रुंदीला फुगतं, मार्च-एप्रिलमध्ये आक्रसतं, आणि वरचा कडक थर त्याच्याबरोबर हलायला तयार नसतो. मग सांध्यांवर केसासारखे तडे जातात. काही जड पडलं तर ठेच लागलेल्या जागी थर सुटून पांढुरका डाग दिसतो. दुसऱ्या टोकाला होड्यांसाठीचं वार्निश. त्यात तेलाचं प्रमाण जास्त असतं, उन्हापावसात लाकूड कसंही फुगलं-आक्रसलं तरी ते सोबत ताणलं जातं. हाच त्याचा गुण, आणि त्याच मऊपणामुळे घरातल्या टेबलावर त्याच्यावर नखाची खूण उमटते. दोन डब्यांचं पीयू, म्हणजे एका डब्यात राळ आणि दुसऱ्यात हार्डनर असलेलं, या दोहोंच्या मधे उभं राहतं. कडकही आणि बऱ्यापैकी चिवटही. त्याची ख्याती उगाच नाही. तरीही मी ते प्रत्येक वस्तूला लावत नाही. का, ते पुढे येईल.

३. पेन्सिलीचा एक संच पुष्कळ वादविवाद वाचवतो. रंगाच्या थराची परीक्षा घेण्याची ही जुनी, मान्य पद्धत आहे: ६बी पासून ६एच पर्यंतच्या पेन्सिली घ्यायच्या, टोक न काढता शिसं सपाट घासायचं, पंचेचाळीस अंशात धरून थरावर पुढे ढकलायचं, आणि कुठली पेन्सिल पहिल्यांदा थर कापते ते बघायचं. प्रयोगशाळेत ठरलेल्या वजनाच्या गाड्यावर हे करतात. माझ्याकडे गाडा नाही, पण एकाच हाताने, एकाच लाकडाच्या तुकड्यांवर चार पॉलिशं लावून ती ताडून पाहायला एवढं पुरतं. दुकानदाराचं बोलणं आणि माझं मन या दोन्हींपेक्षा मी त्या पेन्सिलींवर जास्त विश्वास ठेवते.

४. वस्तू झिजते ती कडेपासून. या एका गोष्टीवर मी तासभर बोलू शकेन. पॉलिश पातळ असताना धारदार कोपऱ्यावर थांबत नाही. पृष्ठताणाने ते धारेपासून मागे सरकतं. सपाट भागावर तीन हात बसलेले असतात, तेव्हा त्या धारेवर जेमतेम एका हाताइतका थर असतो. आणि वापरात सगळ्यात जास्त घासली जाते तीच धार: ट्रे ओट्यावर सरकताना, पाट भिंतीला टेकवताना, डब्याचं झाकण उघडताना. म्हणून लोक "पॉलिश गेलं" म्हणतात तेव्हा बघावं, ते कडेलाच गेलेलं असतं आणि तिथूनच पाणी आत शिरून शेजारचा थर फुगवत असतं. यावर रसायन बदलणं हा उपाय नाही. रंध्याने किंवा पॉलिश पेपरच्या ठोकळ्याने कड दोन-तीन मिलिमीटर गोल करायची, तीही शेवटी उरकल्यासारखी नाही, तर आधीच विचार करून, सबंध कडेला सारखी. बोटाला धार लागली नाही की पॉलिशलाही लागत नाही. पाटाचे खालचे कोपरे तर मी आणखी मोकळे गोल करते, कारण पाट उचलायच्या ऐवजी ओढण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे.

कडेबरोबर आणखी एक. लाकूड जितकं गुळगुळीत तितकं पॉलिश चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण थराला धरायला जागा लागते. १८० नंतर २२० नंबरच्या पेपरवर मी थांबते. चारशेच्या पुढे घासत नेलं तर लाकडाचं तोंड मिटल्यासारखं होतं आणि वरचा थर चिकटण्याऐवजी नुसता बसून राहतो. गुळगुळीतपणा पॉलिशच्या दोन हातांच्या मधे घासून आणायचा असतो.

५. मऊ लाकडाला कडक कवच शोभत नाही. हे मला सावंतवाडीने शिकवलं. चितार आळीतली लाकडी फळं, भाज्या, खेळणी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी घेतलेली असतात. त्यांतली कितीतरी पांगाऱ्याच्या हलक्या, मऊ लाकडाची असत. असल्या लाकडावर काचेसारखा थर चढवला तर बोट दाबलं तरी खालचं लाकूड दबतं आणि वरचा थर तडकतो. थर कितीही चांगला असो, तो आधाराला खालच्या लाकडावरच टेकलेला असतो. म्हणून पांगारा, शिवण यांना मी पातळ, लवचिक थर देते आणि त्यांच्यावर बारीक खळगे पडणार हे गिऱ्हाईकाला आधीच सांगते. कडक पीयू शोभतं ते सागवानाला, शिसवाला, बाभळीला. पक्क्या फणसालाही.

६. लाखेबद्दल माझं मत सारखं वर जात राहिलं आहे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्याच्या स्रावापासून लाख होते. ती गाळून, शुद्ध करून पातळ पापुद्र्यांचा चपडा करतात. एका लिटर स्पिरिटला साधारण पाव किलो चपडा, रात्रभर भिजत, सकाळी गाळून घेतला की कपड्याच्या बोळ्याने लावायला तयार. जुन्या सुतारांचं फ्रेंच पॉलिश म्हणजे हेच. काही जण त्यात चंद्रस घालत, थर जरा कडक व्हावा म्हणून. कातकाम करणारे लाख स्पिरिटमध्ये विरघळवतच नाहीत. चरकावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते, आणि वरून केवड्याचं पान दाबून चकाकी आणतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी अशीच होतात.

लाखेच्या उणिवा स्पष्ट आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पंचाहत्तर अंशांच्या आसपास ती मऊ पडते, म्हणून चहाचा गरम कप किंवा भाजीचं पातेलं ठेवलं की वर्तुळ उमटतं. मद्यार्कात ती विरघळते. 2020 नंतर घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या आणि लाखेचं पॉलिश असलेल्या जुन्या कपाटांच्या मुठींवर, टेबलांवर डाग दिसू लागले, ते यामुळेच. भिजवलेला चपडाही फार दिवस ठेवता येत नाही. वर्षभर बाटलीत राहिलेला लावला तर तो वाळल्यासारखा वाटतो पण चिकट राहतो. मी बाटलीवर भिजवल्याची तारीख लिहिते आणि सहा महिन्यांनंतर उरलेलं नव्या कामाला वापरत नाही.

मग मत वर का गेलं? कारण ओरखडा पडलेली लाखेची वस्तू सहज सुधारता येते. स्पिरिटने ओला केलेला बोळा त्या जागेवरून फिरवला की जुना थर विरघळून नव्यात मिसळतो, चरा आपोआप भरत जातो आणि दोन थरांची सीमारेषा दिसत नाही. पीयूचं तसं नाही. ते एकदा पक्कं झालं की कशात विरघळत नाही. हीच त्याची ताकद. पण चरा पडला की नवा थर जुन्यात मिसळत नाही, नुसता वर बसतो. नीट सुधारायचं तर अख्खी फळी घासून पुन्हा करावी लागते. म्हणजे एका थराला ओरखडे कमी पडतात आणि दुसऱ्याचे ओरखडे काढता येतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि "टिकाऊ" म्हणताना गिऱ्हाईकाच्या मनात यांपैकी कुठली आहे हे विचारून घेतल्याशिवाय मी ब्रश हातात घेत नाही.

७. घरात ती वस्तू कोण आणि कशाने पुसणार, हा प्रश्न लाकडाच्या जातीइतकाच महत्त्वाचा आहे. भांडी घासायच्या हिरव्या घासणीत घासणारी खनिज पूड असते. ती एकदा फिरली की सगळी पॉलिशं हरतात. ज्या घरात सगळं एकाच घासणीने घासलं जातं, त्या घरासाठी तेल लावलेलं लाकूड बरं. घासलं गेलं तर पुन्हा तेल लावता येतं, त्यासाठी कुणाला बोलवायला नको.

८. जवसाचं तेल विश्वासू आहे, पण त्याला वेळ लागतो आणि ते धोक्याचंही होऊ शकतं. विदर्भ-मराठवाड्यात ज्याची चटणी होते, त्याच जवसाचं तेल लाकडात मुरून हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि हळूहळू घट्ट होतं. खोबरेल तसं घट्ट होत नाही. ते ओलसर राहतं आणि काही महिन्यांनी खवट वास येतो. म्हणून पोळपाटाला खोबरेल लावायचा सल्ला मी देत नाही. रंगाच्या दुकानातलं "डबल बॉइल्ड" जवसाचं तेल लवकर वाळतं, कारण त्यात कोबाल्ट-मँगनीजसारख्या धातूंची वाळवणी घातलेली असतात. ते खाण्याच्या वस्तूला लावायचं नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तूला कच्चं, घाण्याचं तेल, अगदी पातळ, आणि मग दोन-तीन आठवडे धीर.

धोका तेल पुसलेल्या चिंध्यांचा. तेल ऑक्सिजनशी जोडलं जाताना उष्णता सुटते. चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकल्या तर ती उष्णता आतच कोंडते आणि काही तासांत कपडा आपोआप पेटू शकतो. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. लाकडाच्या भुश्याशेजारी हे घडलं तर कार्यशाळा उरणार नाही. माझ्याकडे चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळतात किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेल्या असतात, आणि मदतीला नवीन येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी मी रंधा धरायला शिकवत नाही, हे शिकवते.

शिसवावर मात्र तेल रुसतं. त्या लाकडात नैसर्गिक द्रव्यं असतात, ती तेलाला घट्ट होऊ देत नाहीत. आठवडा गेला तरी हात लावला की चिकट. सागवानातही तेलकटपणा असतो, पण तो वरवर थिनरने पुसून आटोक्यात आणता येतो. शिसवाला आधी लाखेचा पातळ हात दिला की लाकूड आणि वरचा थर यांच्यामध्ये पडदा उभा राहतो. वर पीयू लावायचं असेल तर त्यासाठी मेण काढलेला चपडा वापरायचा, नाहीतर पीयू धरत नाही.

९. कोकणात पॉलिश करण्याआधी आभाळाकडे बघावं लागतं. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की मेलामाईन, एनसी लॅकर किंवा लाख लावली की थर दुधासारखा पांढरा पडतो. कारण साधं आहे: थिनर किंवा स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि वाळणाऱ्या थरात अडकते. सावकाश उडणारं थिनर घालून, थर अगदी पातळ ठेवून काही प्रमाणात वाचवता येतं. पण आषाढातल्या संततधारेत मी नुसतं कापणं, घासणं, सांधणं एवढंच करते. पॉलिशची कामं ऊन पडलेल्या दिवसांची वाट बघतात, आणि गणपतीच्या आधी चौरंग हवा असेल तर तो मे महिन्यात सांगायचा, हे माझ्या गिऱ्हाइकांना आता पाठ झालं आहे.

एक विस्मयाची गोष्ट इथे सांगायला हवी. जपानची उरुशी ही लाख झाडाच्या चिकापासून होते, आणि तिला घट्ट व्हायला दमट हवाच लागते. तिथले कारागीर वस्तू मुद्दाम ओलसर ठेवलेल्या कपाटात वाळवतात. आमच्या पावसाळ्याला घाबरणारी मी, हे कळल्यावर किती तरी वेळ त्याचाच विचार करत होते. ते झाड आपल्या आंबा-काजू-बिब्ब्याच्याच कुळातलं. बिब्बा अंगाला लागला की फोड येतात तसा उरुशीच्या ताज्या चिकानेही त्वचेला त्रास होतो. आणि आपल्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावत आले आहेत, तेही असंच अंगावर उठणारं. दमट मुलुखातल्या माणसांनी आपापल्या झाडांमधून आपापली राखण शोधली. या तेलावर कुणीतरी शहाण्या माणसाने नीट काम करून घरातल्या वस्तूंसाठी त्याचं निर्धोक पॉलिश करावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१०. चकाकी चऱ्यांची चुगली करते. काचेसारख्या थरावर उजेड सरळ परततो, त्यात एक चरा आला की तो पांढऱ्या रेषेसारखा लखलखतो. मॅट थर उजेड आधीच विखुरतो, त्यामुळे तोच चरा त्यात हरवून जातो. पुष्कळदा लोकांना ओरखडे न पडण्यापेक्षा ओरखडे न दिसणं हवं असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. मॅटपणा थरात मिसळलेल्या सिलिकाच्या पुडीने येतो. सगळेच हात मॅट दिले तर लाकडाच्या रेषा धुक्यात गेल्यासारख्या दिसतात, म्हणून आधीचे हात चकाकीचे आणि फक्त शेवटचा मॅट. एवढंच की रोज हात लागणारी मॅट जागा वर्षा-दोन वर्षांत घासून चमकू लागते. झाकणाच्या मुठीपाशी ते दिसतंच.

११. चौरंगाची परीक्षा सगळ्यात कठीण. त्याच्यावर पाणी सांडतं, समईचं तेल ओघळतं, दूध-दही सांडतं, आणि हळद पडते. तेल लावलेल्या लाकडात हळदीचा रंग मुरतो आणि पुसून जात नाही. उन्हात ठेवलं तर तो फिका होतो खरा, पण पूर्ण जातोच असं नाही. इथे मी दोन डब्यांच्या पीयूशिवाय दुसरं काही सुचवत नाही. आणि फवारताना तोंडावर साधा रुमाल बांधून भागत नाही, हेही त्याच दमात सांगते. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. रसायनांच्या वाफेसाठीचा काडतुसाचा मुखवटा हवा, हातमोजे हवेत, जागा मोकळी हवी. पॉलिशवाल्या पोरांना याची कल्पना न देता कामाला लावलेलं मी बघते तेव्हा राग आवरत नाही. थर एकदा पूर्ण पक्का झाला की घरातल्यांना धोका नाही. धोका आहे तो लावणाऱ्याला, आणि तोच सगळ्यात कमी पगारावर असतो.

१२. ज्या वस्तूवर काही लावलंच नाही, ती कधीकधी सगळ्यात जास्त टिकते. गावाकडच्या काठवटी बघा. पिठात, पाण्यात, लोण्या-तुपाच्या हातात वर्षानुवर्षं राहून त्यांना जी तुकतुकी येते ती कुठल्या डब्यात मिळत नाही. पोळपाटावर मी थर चढवतच नाही. लाटण्याखाली तो थर कधीतरी सुटून पोळीत येणार. घट्ट विणीचं लाकूड, चांगलं घासलेलं, फार तर जवसाचा हलका हात.

लहान मुलांच्या खेळण्यांचं निराळं. ती चावली जातात, आपटली जातात, ओली राहतात. तिथे ओरखड्यापेक्षा पोटात काय जाणार याची काळजी आधी. लाख इथेही कामाला येते. शुद्ध लाख औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठायांवर चकाकीसाठी चालते, तिला खाद्यपदार्थांत ई ९०४ असा क्रमांक आहे. रंगाच्या बाबतीत घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये असा आपल्याकडे नियम आहे. तरीही खेळण्याला भिंतीचा किंवा दाराचा रंग मी लावत नाही. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सवलत आहे. सवलत कागदोपत्री आहे, मूल ते तोंडात घालणारच, हे मात्र आपल्या ध्यानात राहायला हवं.

१३. वाळलं म्हणजे पक्कं झालं असं नाही. पीयू तासाभरात हाताला लागत नाही, पण पुरता कडकपणा यायला आठवडा लागतो. तेलाच्या वार्निशला महिना. आठवड्याआधी ट्रेवर जड डबा ठेवला तर त्याच्या बुडाची छाप कायमची राहते. "उद्या न्यायला येतो, मुंबईला जायचंय" म्हणणाऱ्या भाऊंना मी नम्रपणे नाही म्हणते.

१४. प्रत्येक वस्तूच्या तळाला मी एक चिठ्ठी चिकटवते: लाकूड कुठलं, खाली काय, वर काय, कुठल्या महिन्यात. ही सवय जुनं फर्निचर दुरुस्तीला येऊ लागलं तेव्हा लागली. आजीचं कपाट घेऊन कुणी येतं, त्यावर काय लावलंय हे त्यांना ठाऊक नसतं, आणि न कळता वर काहीही लावलं तर ते धरत नाही. मेण चढवलेल्या पृष्ठभागावरून पीयूचे पापुद्रे सुटतात. अशा वेळी मी न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी स्पिरिटचा थेंब टाकते. जागा चिकट झाली तर लाख. काही झालं नाही तर थिनरचा थेंब. मऊ पडलं तर एनसी लॅकर. दोन्हींना थारा दिला नाही तर मेलामाईन किंवा पीयू, म्हणजे घासण्याची तयारी ठेवायची. पाण्याचा थेंब बिलकुल न पसरता मोत्यासारखा उभा राहिला तर वर मेण असण्याची शक्यता, ते आधी टर्पेंटाइनने काढायचं. लाख निघाली की मी मनातून खूश होते, कारण तेव्हा कपाट घासून नागडं करावं लागत नाही. धूळ पुसायची, नवा चपडा भिजवायचा, आणि बोळा घेऊन जुन्या कारागिराच्या थरातच आपला थर मिसळत जायचा. काम दोन दिवसांत होतं आणि मजुरी निम्म्याने कमी लागते. चिठ्ठी असली तर थेंबांचा हा सगळा खटाटोपही वाचतो.